अमेरिकेच्या दक्षिणेतली जुनी विटांची घरं आणि त्यांचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्हर्जिनियात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन इथली जुनी विटांची घरं बघत फिरतो. त्यावरून इथल्या मराठी मंडळींकडून, आणि पुण्या-मुंबईच्या आर्किटेक्चरच्या पोरांकडूनही, तेच तेच प्रश्न येत राहतात. म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत आणि काही दोन ओळींत संपलीत.

कुठली घरं म्हणताय नक्की? अमेरिकेत तर सगळी लाकडाची घरं असतात ना?

बहुतेक लाकडाचीच असतात, आणि तेव्हाही होती. सतराव्या-अठराव्या शतकात व्हर्जिनिया किंवा कॅरोलायनात साधा शेतकरी लाकडाच्याच घरात राहायचा, विटांचं घर म्हणजे पैसेवाल्याचं घर. तंबाखूवर, आणि खाली साउथ कॅरोलायनात भातावर, ज्यांनी अफाट पैसा केला त्यांनी ही घरं बांधली. किनाऱ्याजवळच्या सपाट भागात बांधकामाचा दगड जवळपास नाहीच, पण चिकणमाती भरपूर, जळण भरपूर, म्हणून वीट. शहरांत अजून एक कारण असायचं, आग. चार्ल्सटनला १७४० मध्ये मोठी आग लागली आणि त्यानंतर विटा-दगडातच बांधा असा कायदा आला.

नावं हवी असतील तर ही घ्या. व्हर्जिनियात सरी काउंटीतलं बेकन्स कॅसल १६६५ चं, स्ट्रॅटफर्ड हॉल १७३० च्या दशकातलं, जॉर्ज मेसनचं गनस्टन हॉल १७५० च्या दशकातलं. नॉर्थ कॅरोलायनात न्यूबोल्ड-व्हाइट हाउस १७३० चं. चार्ल्सटनजवळ ड्रेटन हॉल, ज्यात आजतागायत वीज आणि नळ बसवलेले नाहीत. मेरिलँडला अ‍ॅनापोलिसमध्ये हॅमंड-हारवुड हाउस, १७७४ चं. यादी खूप लांब आहे, पण या लेखापुरती एवढी पुरे.

यांचे फोटो पहिल्यांदा कुणी पद्धतशीर काढले?

इथे एकच नाव आधी घ्यायला पाहिजे, फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन. जन्म १८६४. पॅरिसला जाऊन चित्रकला शिकली, मग फोटोग्राफीकडे वळली, आणि तिचा पहिला कॅमेरा तिला कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनने दिला होता. वॉशिंग्टनमध्ये स्टुडिओ टाकून राष्ट्राध्यक्षांचे, त्यांच्या घरच्यांचे फोटो काढले, शाळांचे काढले, नंतर न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांच्या बागा आणि बंगले. म्हणजे नाव, काम, ओळखी सगळं मिळालेलं होतं आणि साठी ओलांडलेली होती तेव्हा हे घरांचं काम तिच्या आयुष्यात आलं.

फ्रेडरिक्सबर्गला रॅपहॅनॉक नदीच्या काठावर चॅटम नावाचं विटांचं घर आहे, १७७१ मध्ये पूर्ण झालेलं. १९२० च्या दशकात त्याच्या मालकीणबाईंनी, मिसेस डेव्होर यांनी, तिला घराचे फोटो काढायला बोलावलं. ते झाल्यावर फ्रेडरिक्सबर्ग आणि शेजारच्या फॅलमथची जुनी घरंही काढायला सांगितली. बाकी कुणी असतं तर मोठे बंगले काढून पैसे घेऊन गेलं असतं, ही मात्र गल्लीबोळातली घरं, दुकानं, गिरण्या, मोडकळीला आलेली सगळी काढत सुटली. १९३० मध्ये त्या फोटोंचं प्रदर्शन वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लागलं आणि त्याच वर्षी लायब्ररीने जुन्या अमेरिकन वास्तुकलेच्या चित्रांचा एक वेगळा संग्रह सुरू केला. तिथले लेस्टर हॉलंड हे त्यामागचे मुख्य माणूस.

मग १९३३ पासून कार्नेगी कॉर्पोरेशनचं अनुदान मिळालं आणि बाई गाडी घेऊन दक्षिणेत निघाल्या. वय ६९! १९४० पर्यंत व्हर्जिनिया, मेरिलँड, दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, लुइझियाना, आणि थोडं थोडं फ्लॉरिडा, मिसिसिपी असं सगळं पालथं घातलं. तिच्या या कामाच्या संग्रहात आज सुमारे ७,१०० फोटो आहेत. त्यात बंगले आहेतच, पण स्वयंपाकाची वेगळी खोपटी, मांस धुरावर टांगायच्या खोल्या, दूधदुभत्याची घरं, कबुतरखाने, साध्या शेतकऱ्याचं दोन खोल्यांचं घर, हेही तेवढ्याच मन लावून काढलेलं आहे, आणि माझ्या मते तिचं मोठेपण तिथेच आहे. बंगल्याचा फोटो कुणीही काढतो हो. पुढच्या पावसाळ्यात पडेल अशा खोपटीसाठी तिपाई लावून, उजेडाची वाट बघत बसणं, हे करणारी माणसं फार कमी असतात.

१९४५ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने तिला मानद सदस्य केलं. शेवटी ती न्यू ऑर्लिन्सला राहायला गेली आणि १९५२ मध्ये तिथेच वारली.

सरकारने काही केलं नाही का?

केलं, आणि फार चांगलं केलं. जागतिक मंदीत आर्किटेक्ट लोक बेकार बसले होते, कारण बांधकामंच बंद. नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या चार्ल्स पीटरसन या तरुण आर्किटेक्टने १३ नोव्हेंबर १९३३ ला वरिष्ठांना एक टिपण लिहिलं की या बेकार आर्किटेक्ट, ड्राफ्ट्समन, फोटोग्राफर मंडळींना पगार देऊन देशातल्या जुन्या इमारतींची मोजमापं, नकाशे आणि फोटो करून घ्या. त्याचं म्हणणं होतं की इमारती भराभर चालल्यात, सगळ्या वाचवणं शक्य नाही, निदान नोंद तरी राहू दे. मंजुरी लगेच मिळाली आणि हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे, ज्याला सगळे हॅब्स म्हणतात, सुरू झाला. १९३४ मध्ये पार्क सर्व्हिस, आर्किटेक्ट्सची संस्था आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्यात करार झाला. मोजणी आणि फोटोंचं काम पार्क सर्व्हिसने करायचं, आर्किटेक्टांनी सल्ला द्यायचा, लायब्ररीने सांभाळायचं. तो करार अजून चालू आहे! नंतर १९६९ मध्ये पूल, कारखाने, धरणं यांच्यासाठी आणि २००० मध्ये बागा-परिसरांसाठी असे दोन भाऊ त्याला मिळाले, आणि तिघांत मिळून आज ४०,००० पेक्षा जास्त जागांची नोंद आहे.

जॉन्स्टनबाईंचे फोटो आणि हॅब्सचे फोटो, फरक काय?

हॅब्सचा फोटो हा पुरावा म्हणून काढलेला असतो. समोरून, मागून, बाजूंनी, मग जिना, चुलीची भिंत, एखादी बिजागरी. कधी कधी भिंतीला टेकवलेली मोजपट्टी दिसते, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, म्हणजे फोटोवरून माप काढता यावं. सोबत नकाशे असतात आणि इतिहासाची टिपणं. जॉन्स्टनबाईंचाही फोटो पुरावाच आहे, पण तिचा डोळा चित्रकाराचा. झाडाची सावली भिंतीवर कुठे पडते, दार उघडं ठेवलं तर आतला जिना कसा दिसेल, हे ती बघायची. दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकच घर, एकाच दशकातलं, आणि एकात नसलेली गोष्ट दुसऱ्यात सापडते. हॅब्समध्ये काम केलेले टॉमस वॉटरमन यांच्याबरोबर तिने नॉर्थ कॅरोलायनाच्या जुन्या घरांचं पुस्तकही केलं, १९४१ मध्ये. म्हणजे ही दोन वेगळी जगं नव्हती, माणसं एकमेकांना ओळखत होती.

हॅब्सच्या नंतरच्या फोटोग्राफरांपैकी जॅक बाउचर यांचे फोटो जरूर बघा, त्यांनी अनेक दशकं हेच काम केलं.

त्याच्या आधीचे फोटो नाहीतच का?

आहेत, पण घरांसाठी म्हणून काढलेले थोडे. यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, फोटोग्राफर सैन्याबरोबर फिरत होते, त्यामुळे व्हर्जिनियात जेम्स नदीकाठचं वेस्टओव्हर नावाचं घर किंवा फ्रेडरिक्सबर्गची गोळीबाराने भोकं पडलेली घरं त्यात आली. १८६५ मध्ये जॉर्ज बर्नार्डने काढलेले चार्ल्सटनच्या पडक्या भिंतींचे फोटो बघवत नाहीत, पण विटांचं काम आतून कसं होतं हे त्या उघड्या पडलेल्या भिंतींतच दिसतं. मग १८८६ ला चार्ल्सटनला मोठा भूकंप झाला आणि त्याच्या नुकसानीचे फोटो निघाले. त्यानंतर तिथल्या घरांना आरपार लोखंडी सळया घालून बाहेरून गोल-चौकोनी चकत्यांनी आवळलं, त्या चकत्या भिंतीवर आजही दिसतात. चार्ल्सटनचा बिनतारखेचा फोटो हातात आला की मी आधी त्या चकत्या शोधतो. दिसल्या तर फोटो भूकंपानंतरचा असणार हे जवळपास नक्की.

एवढा मोठा जड कॅमेरा कशाला वापरायचे?

आठ बाय दहा इंचाची निगेटिव्ह म्हणजे जवळजवळ ए-फोर कागदाएवढी फिल्म, एका फोटोला एक. ती मोठी केली की भिंतीवरची एकेक वीट मोजता येते. हे पहिलं कारण.

दुसरं कारण म्हणजे उभ्या रेषा. मोबाईल वर करून उंच घराचा फोटो काढला की भिंती वर निमुळत्या होत जातात आणि घर मागे पडल्यासारखं दिसतं. मोठ्या कॅमेऱ्यात भाता असतो आणि पुढची लेन्सची पाटी नुसती वर सरकवता येते, कॅमेरा सरळच राहतो, त्यामुळे धुराडंही फ्रेममध्ये येतं आणि भिंतीही सरळ उभ्या राहतात. मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, वरचं खाली, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचं, छिद्र अगदी बारीक करायचं म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येईल, आणि मग कित्येक सेकंद फिल्म उघडी ठेवायची. आतल्या अंधाऱ्या खोलीत तर त्याहूनही जास्त. हे सगळं सत्तरीतल्या बाईने ऑगस्टच्या दमट उन्हात केलंय, हे जॉर्जियाचा उन्हाळा अनुभवलेल्यांना वेगळं सांगायला नको.

फोटोत विटा "वाचायच्या" म्हणता, म्हणजे काय बघायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

ज्यांनी आपल्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा केलाय त्यांना इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँड, म्हणजे विटा रचायच्या दोन पद्धती, पहिल्याच वर्षी पाठ करावे लागतात, ते इथे प्रत्यक्ष भिंतीवर बघायला मिळतात. विटेची लांब बाजू बाहेर असली की स्ट्रेचर, अरुंद तोंड बाहेर असलं की हेडर. इंग्लिश बाँडमध्ये एक थर पूर्ण स्ट्रेचरचा, वरचा पूर्ण हेडरचा. फ्लेमिशमध्ये एकाच थरात स्ट्रेचर, हेडर, स्ट्रेचर, हेडर असं आलटून पालटून. बेकन्स कॅसल इंग्लिश बाँडमध्ये आहे. पुढे अठराव्या शतकात व्हर्जिनियात एक पद्धतच पडली, जोत्यापर्यंत इंग्लिश आणि त्याच्या वर फ्लेमिश. जोतं जिथे संपतं तिथे भिंत थोडी आत जाते आणि त्या कडेला साच्यात घडवलेल्या गोलाईच्या विटा लावतात, फोटोत ती एक आडवी सावलीची रेघ दिसते, तिच्या खाली आणि वर बाँड बदललाय का बघा.

मग हेडरचा रंग. भट्टीत लाकूड जाळायचे, आणि आगीच्या अगदी तोंडाशी असलेल्या विटांवर राखेतल्या पोटॅशमुळे काचेसारखा निळसर-करडा थर चढायचा. या चकचकीत विटा वेगळ्या काढून ठेवायच्या आणि फ्लेमिश बाँडमध्ये फक्त हेडरच्या जागी बसवायच्या, की लाल-निळा चौकडा तयार. काही घरांच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीत तर याच निळ्या विटांनी छपरालगत तिरक्या रेघा काढलेल्या असतात. दारं-खिडक्यांच्या कडेला आणि कोपऱ्यांना उलट, एकसारख्या नारिंगी-लाल विटा, दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या, आणि कमानीत त्या इतक्या बारीक घासून जुळवलेल्या की मधली दरज सुरीच्या पात्याएवढी.

इथे काळ्या-पांढऱ्या फोटोची एक गंमत लक्षात ठेवा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे लाल वीट जवळजवळ काळी यायची आणि निळसर हेडर तिच्यापेक्षा उजळ. सगळे रंग दिसणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर, त्यात लाल-पिवळा फिल्टर लावला तर, चित्र उलटं होऊ शकतं. म्हणजे "या घराला गडद विटांचा चौकडा आहे" असं फोटोवरून छातीठोकपणे लिहिण्याआधी फिल्म कुठली आणि ऊन कुठून, याचा विचार करा. चकचकीत विटेवर आकाशही चमकतं, ते वेगळंच.

आणि दरजा! फोटो मोठा करून दोन विटांमधल्या दरजा बघा. मूळ चुन्याच्या दरजेत मधोमध एक बारीक रेघ ओढलेली असते, गवंड्याने पट्टी धरून ओढलेली. चुना शिंपल्यांचा, ऑयस्टरचे शिंपले भाजून केलेला. आपल्या कोकणातही किनाऱ्याला शिंपल्यांचा चुना करायचे, तसाच. प्रत्यक्ष भिंतीजवळ गेलात तर दरजेत न भाजलेल्या शिंपल्याचे पांढरे तुकडे दिसतात, नखाएवढे, काहींवर आतली मोतिया चमक अजून आहे. नंतरच्या लोकांनी दुरुस्ती म्हणून त्यात सिमेंट भरलं. सिमेंट कडक आणि जुनी वीट मऊ, ओल दरजेतून बाहेर पडायच्या ऐवजी विटेतून पडायला लागते आणि विटेचं तोंड सोलून निघतं. कुठल्या भिंतीची मूळ दरज कशी होती हे आज कळतं ते पुष्कळदा या १९३० च्या फोटोंमुळेच, आणि चांगले गवंडी दुरुस्तीआधी तेच फोटो समोर घेऊन बसतात.

या विटा इंग्लंडहून जहाजातून आणल्या असं गाइड सांगतात, खरंय का?

जवळजवळ कधीच नाही. हाताशी माती असताना कोण विटा समुद्रावरून आणेल? घराच्या शेजारीच माती खणायची, पायाने तुडवायची, लाकडी साच्यात भरायची, वाळवायची आणि तिथेच भट्टी लावायची. कोरीव दगड मात्र यायचा, वेस्टओव्हरच्या प्रसिद्ध दाराचा पोर्टलंड दगड इंग्लंडचा आहे.

मग त्या केल्या कुणी?

बऱ्याचशा गुलामगिरीत ठेवलेल्या आफ्रिकन वंशाच्या माणसांनी, बायकांनी आणि मुलांनीही. हे स्पष्ट लिहिलंच पाहिजे, कारण जुन्या फोटोंखालच्या ओळीत मालकाचं नाव असतं, कधी कधी आर्किटेक्टचं असतं, आणि माती तुडवणाऱ्याचं नसतं.

चार्ल्सटनच्या जुन्या विटांवर बोटांचे ठसे आहेत. ओली वीट साच्यातून काढून उन्हात ठेवताना, उलटताना, बोटं रुतली आणि तशीच भाजली गेली. काही ठसे इतके लहान आहेत की ते मुलाचेच. असा ठसा समोर आला की आपोआप आपलं बोट त्यात घालून बघावंसं वाटतं आणि ते मावत नाही. मी तरी तिथून लगेच पुढे जाऊ शकत नाही.

चार्ल्सटनजवळ बून हॉल नावाचा मळा आहे, तिथे विटांचा कारखानाच होता, १८५० च्या सुमारास वर्षाला ४० लाख विटा. करणारे गुलाम. त्यांच्या राहायच्या विटांच्या नऊ खोल्या रस्त्याच्या कडेला एका ओळीत अजून उभ्या आहेत. जॉर्जियात सव्हानाजवळच्या हर्मिटेज मळ्यावरही असंच, करड्या विटा पाडणारे गुलाम आणि त्यांच्या विटांच्या खोल्यांच्या रांगा. हॅब्सने १९३० च्या दशकात त्यांचे फोटो काढले आणि त्याच दशकात हेन्री फोर्डने तिथला मालकाचा बंगला विकत घेऊन उतरवला, विटा स्वतःच्या नव्या घराला वापरल्या, आणि गुलामांच्या दोन खोल्या मिशिगनच्या संग्रहालयात नेल्या. त्या रांगा मूळ जागी कशा होत्या ते आता फक्त फोटोतच.

जॉन्स्टनबाईंबद्दल इथे एक सांगायचंय. १९०२ मध्ये, म्हणजे तिच्या दक्षिणेतल्या या कामाच्या तीस वर्षं आधी, ती अलाबामात टस्कीगीला जाऊन आली होती. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी काढलेली ती संस्था, जिथे विद्यार्थी स्वतः विटा पाडून स्वतःच्या इमारती बांधायचे. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या होत्या, चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकून १५ डॉलर उभे केले आणि ती जमली. त्या विद्यार्थ्यांचे कामाला लागलेले हात तिने तेव्हा बघितलेले होते. पुढे ती बंगल्यांच्या मागच्या खोपटींकडेही कॅमेरा वळवत राहिली त्याचं एक मूळ मला त्यात दिसतं, हे माझं मत म्हणून घ्या.

फोटोखाली लिहिलेलं सालच खरं मानायचं ना?

नाही! फोटो खरा, साल तपासून घ्या. १९३० च्या दशकात सालं घरच्यांच्या सांगण्यावरून, जुन्या खरेदीखतांवरून, अंदाजाने लिहिली जायची. आता झाडांच्या वर्षकड्या मोजायचं शास्त्र आहे. तुळईला बारीक भोक पाडून लाकडाची कांडी काढायची, कड्यांची जाडी-बारीकी त्या भागातल्या ज्ञात क्रमाशी जुळवायची, की झाड कुठल्या वर्षी तोडलं ते निघतं. व्हर्जिनिया बीचचं थरोगुड हाउस कित्येक वर्षं १६३६ चं, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या विटांच्या घरांपैकी, म्हणून मिरवलं. लाकडाने सांगितलं १७१९ च्या आसपास. वेस्टओव्हर पुस्तकांत १७३० चं, विल्यम बर्ड दुसरा याने बांधलेलं, लाकूड म्हणतं १७५० च्या सुमारास, म्हणजे मुलाच्या काळातलं. बेकन्स कॅसलचं १६६५ मात्र पक्कं निघालं.

जुन्या फोटोंचा खरा उपयोग इथे कळतो. वेस्टओव्हरचा पूर्वेकडचा भाग यादवी युद्धात जळला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा उभा केला आणि मधल्या घराला दोन्ही बाजूंच्या इमारती जोडून टाकल्या. आज नदीकडून बघणाऱ्याला वाटतं की सगळं एकसंध अठराव्या शतकातलं. युद्धकाळातला फोटो शेजारी ठेवला की कळतं काय मूळ आणि काय नवं. थरोगुड हाउसलाही विसाव्या शतकात "सतराव्या शतकासारखं" करायच्या नादात बरेच बदल झाले, आणि आधीचे फोटो नसते तर ते बदलच मूळ म्हणून खपले असते.

घर जळालं किंवा पाडलं तर फोटोवरून पुन्हा बांधतात का?

कधी बांधतात, पण मला ते फारसं पटत नाही. व्हर्जिनियात ग्लॉस्टर काउंटीतलं रोजवेल घ्या. मॅन पेजने १७२५ मध्ये सुरू केलेलं तीन मजली प्रचंड घर, १९१६ मध्ये जळालं, भिंती आणि धुराडी राहिली. ती तशीच जपलीत आणि मला ते योग्य वाटतं, कारण त्या उघड्या भिंतीत विटांचं जे काम दिसतं ते जगात कुठे पुन्हा होणार नाही. आधीचे फोटो आणि नंतरचे फोटो दोन्ही आहेत, ते शेजारी ठेवले की अभ्यासाला पुरेसं आहे.

फोटो कुठे बघायला मिळतात? वापरले तर चालतात का?

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर, फुकट. जॉन्स्टनबाईंचा कार्नेगी सर्व्हे आणि हॅब्स असे दोन वेगळे संग्रह आहेत, दोन्हीत शोधा. घराच्या नावाने नाही सापडलं तर काउंटीच्या नावाने शोधा, कारण घरांची नावं मालकागणिक बदलतात आणि स्पेलिंगही वेगवेगळी असतात. सगळ्यात मोठी फाइल उतरवून घ्या, मोबाईलवरच्या छोट्या चित्रात दरजा दिसणार नाहीत. जॉन्स्टनबाईंच्या फोटोंवर वापराचं ज्ञात बंधन नाही, हॅब्सचे बहुतेक सार्वजनिक मालकीचे. तरी फोटोग्राफरचं आणि संग्रहाचं नाव लिहा, तेवढं तरी आपण देणं लागतो.

रंगीत का नाहीत?

तेव्हाची रंगीत फिल्म फिकी पडत जाते, चांदीवर आधारलेली काळी-पांढरी टिकते. हॅब्स ५०० वर्षं टिकेल असं साहित्य वापरायचं हे धोरण धरून चाललेलं आहे.

मला स्वतःला काढायचेत. मोबाईल चालेल का?

चालेल. लांब उभे राहा आणि मोबाईल सरळ धरा, वर करू नका, नंतर कापून घ्या. चारही बाजू घ्या, मागची बाजू हमखास घ्या, कारण मालकांनी पैसा पुढच्या बाजूला ओतलाय आणि घराचा खरा इतिहास, बुजवलेली दारं, वाढवलेल्या खोल्या, मागे असतात. भिंतीचा पोत हवा तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा, आणि विटांचा रंग हवा तर ढगाळ दिवशी. जवळून काढताना कडेला मोजपट्टी ठेवा, भिंतीला न चिकटवता. दरज खरवडू नका, विटेला हात लावून "किती मऊ आहे" बघू नका. तारीख, दिशा आणि काय काढलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. रस्त्यावरून फोटो काढायला कुणाची ना नाही, आवारात शिरताना मात्र विचारा, पुष्कळ घरांत अजून माणसं राहतात. नॅशनल पार्कच्या ताब्यातल्या जागांवर, चॅटम त्यातच येतं, ड्रोन उडवायला बंदी आहे.

एका दिवसात काय बघता येईल?

रिचमंडहून निघालात तर रूट ५ धरा, शर्ली, बर्कली, वेस्टओव्हर ओळीने जेम्स नदीकाठी आहेत. आत कुठे सोडतात, बाग कधी उघडी, ते आधी बघून घ्या. तसंच पुढे गेलात तर जेम्सटाउनहून फेरी आहे, गाडीसकट फुकट पलीकडे सरीला नेते, आणि तिथून बेकन्स कॅसल जवळ आहे. निघण्याआधी त्या घरांचे १९३० च्या दशकातले फोटो मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, त्या गावांत रेंज मिळेलच असं नाही. बेकन्स कॅसलला पोचलात की आधी बाजूला जा आणि धुराडी बघा, एका गठ्ठ्यात तीन, प्रत्येक तिरकी वळवून बसवलेलं. मग फोटो काढून तिथेच उभं राहून थर जुळवत बसा.